पाटाच्या कडेनं

सिन्नरला पाहुणा आला, की त्याला गोंदेश्वर दाखवायला नेतात. यादवांच्या काळातलं हे शिवपंचायतन. मधे महादेव आणि भोवती विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य यांची छोटी देवळं. ते काळं दगडी काम बघून माणूस गप्पच होतो. याच गावाचा आणखी एक इतिहास पाण्यानं लिहिलेला आहे. तो वाचायला सकाळी पायी निघावं लागतं.

देवनदी पश्चिमेच्या डोंगरात उगवते आणि पूर्वेला वाहत गोदावरीला मिळते. तालुका पडला पर्जन्यछायेत. म्हणून नदीला जागोजागी बुटके बंधारे घातले आणि त्यांतून पाट काढले. त्यांतले कितीतरी इंग्रजी अमदानीतले. वीज नाही, मोटार नाही. उतार धरून पाणी आपलं आपण शेतात जातं. ज्याची पाळी, तो फावडं खांद्यावर टाकून दारं धरायला निघायचा.

मुद्दाम फिरायला कोण जातंय! जे दिसायचं ते कामाला जाता-येता. पाटाच्या ओलीवर निंब, करंज, बाभळी वाढल्या. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबायचे. पाऊस सरता सरता बांधावरचा तरवड पिवळाधमक व्हायचा. शेपटी हलवत धोबी पक्षी काठावर आला, की रब्बी जवळ आली म्हणायची. कारखान्यात विड्या देऊन परतणाऱ्या बायका टिटवीची अंडी कुठं आहेत ते बघून ठेवायच्या. उंचवट्यावर असली, तर ‘औंदा पाऊस चांगला.’ खरं ठरो न ठरो, नजर मातीवर असायची.

त्याच नजरेला पाटाची फूट दिसायची, साचलेला गाळ दिसायचा.

पुढं विहिरींवर मोटारी बसल्या. १९७२च्या दुष्काळानं पोळलेल्या माणसाला बटण दाबून मिळणारं पाणी देवासारखंच वाटलं. त्यात त्याचं काय चुकलं? पण पाटाच्या कडेनं चालणारी पावलं कमी झाली. गाळ बसला, वेड्या बाभळी माजल्या, शेवटच्या रानाला पाणी पोचेना. पाणी गेलं तसे तिथले बगळेही गेले.

अलीकडच्या काळात ‘युवा मित्र’ संस्था आणि गावोगावचे शेतकरी एकत्र आले. देवनदीवरचे जुने पाट त्यांनी गाळ उपसून पुन्हा वाहते केले, पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी खेळलं तिथं काठ हिरवा झाला. म्हणजे या भागात ज्याला आपण निसर्गाची शोभा म्हणतो, तिच्यात माणसाच्या फावड्याचाही वाटा आहे.

तेव्हा लेकरांना गोंदेश्वर जरूर दाखवा, अन् एखाद्या सकाळी पाटाच्या कडेनंही न्या. खोपा दाखवा, टिटवीचं ओरडणं ऐकवा. रोज बघायची सवय लागली, की उद्या पाट फुटला तर पहिली हाक तीच देतील.