ग्रामस्मृती : उजनी जलाशयाखालील गावे

सोलापूर जिल्ह्यात उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि करमाळा, इंदापूर तालुक्यांतील नदीकाठची अनेक गावठाणे पाण्याखाली गेली. या गावांचा लेखी पुरावा आहे : सातबारा, भूसंपादनाचे निवाडे, करमाळ्याकडील गावांसाठी १८८४ चे सोलापूर गॅझेटियर. त्यांत जमीन, सारा आणि खातेदार सापडतात. पाणवठा कोणाला खुला होता, बलुतेदारांचे पुनर्वसनानंतर काय झाले, हे सापडत नाही. भूमिहीनांचा तर त्यांत मागमूसही क्वचितच लागतो. इथे ग्रामस्थांच्या आठवणी हेच मुख्य साधन ठरते.

स्मृती फसवी असते आणि गमावलेले गाव सोन्याचे वाटते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु सन चुकला तरी घटना १९७२ च्या दुष्काळाआधीची की नंतरची, हे माणसे सहसा विसरत नाहीत. आणि कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या मंदिरासारखे अवशेष उघडे पडून सांगितलेल्या खुणा जागेवर पडताळता येतात. गोडव्यावर उपाय म्हणजे वाड्याबरोबरच गावकुसाबाहेरची आणि माजघरातली साक्षही नोंदवणे. त्यांच्या हकिकती जुळल्या नाहीत, तर ती विसंगती जशीच्या तशी ठेवावी; गावातील दुभंग तिथेच दिसतो. विस्थापनाच्या वेळी प्रौढ असलेली पिढी आता साठीपलीकडे आहे, म्हणून ध्वनिमुद्रण आधी आणि संपादन मागाहून व्हावे.