काकांच्या फायली आणि नीरोचं कपाट

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त फारसं चांगलं नाही. शेवटी नातेवाइकांकडे एक मागणं आहे, त्यामुळे ज्यांना इतिहासात रस नाही त्यांनीही कृपया खालपर्यंत यावं.

काका गेले त्याला दोन वर्षं झाली. निवृत्तीनंतरची चौदा वर्षं त्यांनी एकच उद्योग केला: आमच्या गावाचा पेशवाईतला इतिहास जमवणे. मागे उरल्या अकरा वह्या आणि एक हार्ड डिस्क. वह्या काकूंनी ठेवून घेतल्या, डिस्क माझ्या हातात दिली. "तुला कळतं त्यातलं, तू बघ," म्हणाल्या. डिस्कवर तेराशेच्या वर फायली होत्या. पेशवे दप्तराच्या छापील खंडांतली एकेक पत्रं स्कॅन केलेली, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातले लेख, मोडी कागदांचे फोटो. फोल्डर म्हणाल तर एकच, त्याचं नाव "गाव".

मी ते सगळं झोटेरोत घातलं. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. संदर्भांची नोंद ठेवणारी ही फुकट प्रणाली आहे: पुस्तकाचं नाव, लेखक, साल यांची एक नोंद करायची आणि तिला पीडीएफ जोडायची. ऑक्टोबर २००६ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा फायरफॉक्सच्या पोटात चालायची. मला तिच्याबद्दल जिव्हाळा वाटतो तो तिच्या घराण्यामुळे. ती संगणक कंपनीत जन्मली नाही, इतिहासकारांच्या घरात जन्मली. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात रॉय रोझेनझ्वाइग या इतिहासकाराने १९९४ साली एक केंद्र काढलं होतं, तिथे. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, ते वारले. नाव अल्बेनियन भाषेतलं आहे, एखादी गोष्ट पुरती आत्मसात करणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून घेतलेलं.

झोटेरो फायली ठेवते कशा, हे बघण्यासारखं आहे. तिच्या 'स्टोरेज' नावाच्या फोल्डरात डोकावलात तर चक्रावून जाल. प्रत्येक फाइलला स्वतंत्र खोली, आणि खोलीचं नाव म्हणजे आठ अक्षर-आकड्यांची अर्थहीन भेळ. आत फाइल मात्र माणसाला वाचता येईल अशा नावाची: लेखक, साल, शीर्षक. आपण आत जाऊन हाताने नाव बदललं तर झोटेरो म्हणते, फाइल सापडत नाही. नाव बदलायचं ते तिच्यामार्फतच. २०२४ च्या सातव्या आवृत्तीपासून त्या नावाचा साचाही आपल्याला हवा तसा ठरवता येतो. त्याआधी लोक झॉटफाइल नावाचं जोडयंत्र वापरत.

ही दुहेरी व्यवस्था पाहून मला लंडनचा कॉटन आठवला. सर रॉबर्ट कॉटन (१५७१–१६३१) हा हस्तलिखितांचा मोठा संग्राहक. त्याच्या ग्रंथालयात प्रत्येक कपाटावर एकेक अर्धपुतळा होता: बारा रोमन सम्राट, शिवाय क्लिओपात्रा आणि फॉस्टिना. पोथीचा पत्ता म्हणजे पुतळा, फळी आणि फळीवरचा क्रमांक. लिंडिसफार्नची सुप्रसिद्ध शुभवर्तमानांची प्रत "नीरो, डी, ४", म्हणजे नीरोच्या कपाटात चौथ्या फळीवर चौथी. 'बेवुल्फ' हे जुनं इंग्रजी काव्य "व्हिटेलियस, ए, १५". संग्रह पुढे राष्ट्राला मिळाला. २३ ऑक्टोबर १७३१ ला तो ठेवलेल्या वाड्याला आग लागली, बरंच काही जळालं, 'बेवुल्फ'च्या कडा करपल्या. १७५३ मध्ये संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे आला, आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. कपाटं गेली, पुतळे गेले. पण 'बेवुल्फ'चा अधिकृत पत्ता आजही व्हिटेलियसच्या वरच्या फळीवरचाच! आणि तो बदलत नाहीत, कारण तीनेकशे वर्षांच्या तळटिपा त्याच पत्त्यावर बोट ठेवून बसल्यात. नाव एकदा दुसऱ्यांच्या लिखाणात गेलं की ते आपलं राहत नाही.

आपल्याकडे हेच काम रुमाल करतो. पुण्यातल्या पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात आणि संदर्भ देताना रुमालाचा क्रमांक देतात. त्यात रोजकीर्द म्हणजे दिवसवार नोंद. त्याच नोंदी खातेवार लावल्या की घडणी. म्हणजे एकच मजकूर तारखेनेही लावायचा आणि विषयानेही, ही खटपट पेशव्यांच्या कारकुनांनीही केलीच होती, फक्त त्यांना ती बोरूने पुन्हा लिहून काढावी लागे. झोटेरोत एक लेख चार संग्रहांत टाकला तरी फाइल एकच राहते. कारकून हे पाहून रडले असते. १८१८ नंतर दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि इनामांचे दावे तपासण्यासाठी वापरलं गेलं. पुण्यातल्या त्या कचेरीला एलिअनेशन ऑफिस म्हणत, ते जमिनींच्या इनामांमुळेच.

आणि पोथ्या! सुटी पानं. एखादं पान वाऱ्याने उडालं तर? म्हणून समासात ग्रंथाच्या नावाचं एखाददुसरं अक्षर आणि पानाचा आकडा लिहीत. प्रत्येक पान आपली ओळख अंगावर घेऊनच हिंडत असे. पीडीएफचं तसं नसतं. तिचं नाव बहुतेक वेळा बाहेरूनच चिकटवलेलं असतं, खरवडलं की गेलं. (त्यातही डॉसच्या काळात आठ अक्षरं आणि टिंबापुढे तीन, एवढंच. मोठी नावं विंडोज ९५ ने दिली.)

आता माझ्या प्रतापाकडे येतो.

मराठी ऐतिहासिक पत्रं ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे ठाऊक असेल: पुष्कळ पत्रांवर तिथी किंवा चंद्र असतो, "छ ७ रबिलाखर" असा, पण साल नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला यंदा कोणतं साल आहे हे माहीत होतं, मग लिहायचं कशाला? राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड काढले. या सगळ्यांची मोठी शक्ती कशात गेली असेल तर सालं ठरवण्यात. पत्रात कोणाच्या आजाराचा उल्लेख आहे, फौज कुठे आहे, वार आणि चंद्र जुळतात का, यावरून. आणि एकाने ठरवलेलं साल दुसऱ्याला पटेलच असं नाही.

काकांना कधी कधी पटत नसे. आणि आपलं मत ते कुठे लिहीत, तर फाइलच्या नावात. "१७५१ किंवा ५२ – पाटीलकीचा तंटा – छापील साल चूक वाटते." "१७६३ कदाचित – पत्र क्र. ४० आधी वाचणे." विंडोजच्या फाइलनावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून ते सगळीकडे 'कदाचित' लिहायचे. मी ही नावं वरवर पाहिली आणि मला ती गबाळी वाटली, खरं सांगतो.

मी खंडांच्या नोंदी केल्या, ज्या त्या खंडाला काकांची पानं जोडली, सगळं निवडलं आणि मूळ नोंदीवरून नाव द्या म्हटलं. मिनिटभरात झालं. "सरदेसाई – १९३० – पेशवे दप्तरातून निवडलेले कागद." छान दिसत होतं. एकाच नावाच्या सत्तर-ऐंशी फायली झाल्या तरी कुठे भांडण नाही, कारण प्रत्येकीला आपापली आठ अक्षरी खोली! दोन आठवड्यांनी हार्ड डिस्क भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओसाठी रिकामी केली. प्रत आहेच की, असा हिशेब.

महिन्याभराने काकूंकडे गेलो, वह्या चाळल्या. तिसऱ्या वहीत ठिकठिकाणी लिहिलंय: "कारण फाइलीच्या नावात दिले आहे, पाहावे."

पाहायला नाव कुठे आहे? पानं सगळी शाबूत आहेत, एक अक्षर गेलेलं नाही. पण पाटीलकीच्या तंट्याचं साल त्यांना का चूक वाटलं आणि चाळीसावं पत्र आधी का वाचायचं, ते गेलं. वर सांगितलेली दोन नावं आठवतात तेवढी आठवतात. झोटेरोने काही वाईट केलं नाही, मी सांगितलं तेच केलं. तिने साल दिलं ते पुस्तक छापल्याचं. काकांचं साल पत्र लिहिल्याचं होतं.

गेले दोन महिने संध्याकाळी बसून जुळवतोय. माझ्या जुन्या मेलमध्ये काकांनी पाठवलेल्या दोनशे बारा फायली मूळ नावांनिशी सापडल्या. झोटेरोतल्या फाइलशी पान ताडून बघायचं आणि जुनं नाव नोंदीच्या टिपणात जसंच्या तसं उतरवायचं, 'कदाचित'सकट. फाइलच्या नावाला आता हात लावत नाही. वह्यांवरून आणखी साठेक लागल्या. बाकीच्या हजाराहून जास्त आहेत.

तर मागणं असं. काका सगळ्यांनाच मेल पाठवायचे, आणि आपण कोणीच ती उघडायचो नाही, हे आता मान्य करायला हरकत नाही. नाशिकची मंडळी, ठाण्याचे दोघे, बडोद्याची आत्या: आपापल्या मेलमध्ये काकांचं नाव टाकून शोधा. जोडलेलं जे मिळेल ते मला पुढे पाठवा. उतरवून घेतलं असेल तर नाव बदलू नका, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असले तरीही. आणि आत्या, तुझ्या जुन्या संगणकावर "भाऊंचे" नावाचं फोल्डर होतं असं काकू म्हणतात. तो संगणक भंगारात दिला नसशील, तर मी येत्या रविवारी येतो.