तार एकाची, बिल दुसऱ्याचं

रोहिणीत वीज टाटा पॉवरची, जनकपुरीत बीएसईएस राजधानीची, यमुनेपार मयूर विहारात बीएसईएस यमुनाची. मधल्या लुटियन्स दिल्लीत नवी दिल्ली नगर परिषदेची, छावणीत लष्कराची स्वतंत्र व्यवस्था. चिल्ला सीमा ओलांडून नोएडात शिरलं की उत्तर प्रदेशची पश्चिमांचल कंपनी, त्याच्या पुढे ग्रेटर नोएडात नोएडा पॉवर, आणि गुरुग्रामला दक्षिण हरियाणा. राजधानीच्या एका पट्ट्यात वीजकंपन्यांची एवढी गर्दी आहे. तरीही इथल्या घरगुती ग्राहकाला कंपनी बदलायची असेल, तर घर बदलण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

मुंबईच्या उपनगरांत मात्र, वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि पूर्वेला विक्रोळीपर्यंत, घर तेच, जिन्याखालचा मीटरचा खण तोच, जमिनीखालची केबलही तीच ठेवून कंपनी बदललेली कुटुंबं लाखांनी मोजावी लागतील. देशात घरगुती ग्राहकाला एवढ्या मोठ्या प्रमाणावर असा पर्याय दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. दोन्ही शहरांतली खेळाडू घराणी एकच, हे यातलं मोठं आश्चर्य. मुंबईत एकमेकांच्या ग्राहकांसाठी कोर्टात भांडलेल्या टाटा आणि बीएसईएस यांनीच 2002 साली दिल्ली वाटून घेतली, आणि तिथे त्यांच्यात सीमारेषा आखून दिल्या गेल्या. असं का झालं, हे पाहायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं.

दिल्लीत वीज 1905 साली आली. जॉन फ्लेमिंग नावाच्या इंग्रजी कंपनीला डिझेलवर वीज करायची परवानगी मिळाली होती. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी उभी राहिली, तीच आपली बेस्ट. इथून पुढे दोन शहरांच्या वाटा वेगळ्या होत गेल्या. दिल्लीत वीज सरकारच्या हातात सरकत गेली: आधी नगरपालिकेकडे, मग प्राधिकरणाकडे, मग राज्य मंडळाकडे, 1958 साली महापालिकेच्या ‘देसू’कडे आणि 1997 साली दिल्ली विद्युत बोर्डाकडे. मुंबईत सह्याद्रीतलं पावसाचं पाणी अडवून त्यावर गिरण्या चालवायची कल्पना जमशेटजी टाटांनी पाहिली, आणि ते गेल्यानंतर 1907 साली त्यासाठीचा पहिला परवाना निघाला. खोपोलीचं वीजघर 1915 साली सुरू झालं. त्यामागोमाग आंध्रा खोऱ्याचा 1919चा परवाना, नीळा-मुळा खोऱ्याचा 1921चा, आणि तुर्भ्याच्या औष्णिक केंद्राचा 1953चा. हे चार कागद लक्षात ठेवावेत, पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

यातल्या तिसऱ्या कागदाशी थांबायला हवं. नीळा-मुळा म्हणजे मुळशी. त्याच 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला आणि अखेर ते हरले. गावं पाण्याखाली गेली आणि 1927 साली भिऱ्याचं वीजघर चालू झालं. मुंबईकराला आज वीजकंपनी निवडता येते ती ज्या परवान्यांच्या जोरावर, त्यांतला एक त्या बुडालेल्या जमिनींचा आहे. वीजबाजाराच्या चर्चेत हे कुणी बोलत नाही, पण मला ते वगळून पुढे जाता येत नाही.

ही वीज घराघरात द्यायची टाटांना तेव्हा गरज नव्हती. गिरण्या, रेल्वे आणि बडे कारखाने त्यांचे थेट ग्राहक होते. शहरातली किरकोळ विक्री बेस्ट करायची आणि 1929 साली निघालेली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएस, उपनगरांत दिवे लावायची. दोघीही टाटांकडून घाऊक वीज घ्यायच्या. परवान्यांच्या नकाशावर मात्र या सगळ्यांची हद्द एकमेकींवर चढलेली होती, आणि कायद्याला ते चालत होतं. 1910च्या वीज कायद्यातच सांगितलं होतं, की एखाद्या भागात एकाला परवाना दिला म्हणून त्याच भागात दुसऱ्याला द्यायला आडकाठी येत नाही. इंग्रजी अमदानीतलं हे कलम कित्येक दशकं निवांत पडून होतं. 1948च्या कायद्यानंतर बहुतेक राज्यांत वीज मंडळं आली आणि पर्यायाचा प्रश्नच मिटला. मुंबई शहर त्या लाटेतून बाहेर राहिलं, एवढाच योगायोग. भांडुप-मुलुंड राहिलं नाही, तिथे मंडळ आलं आणि आज महावितरण आहे. त्यामुळे विक्रोळीकराला जो पर्याय मिळाला, तो पुढच्या भांडुपकराला मिळाला नाही.

तंटा उभा राहिला तो बीएसईएसनं डहाणूला स्वतःचं 500 मेगावॉटचं केंद्र बांधल्यावर. टाटांकडून घ्यायची वीज कमी झाली, राखीव विजेचे पैसे कुणी किती द्यायचे यावरून वाद सुरू झाला, आणि टाटा लहान ग्राहकांकडे वळू लागले. तेवढ्यात बीएसईएस अंबानींच्या रिलायन्सकडे गेली. टाटांनी किरकोळ ग्राहकाला वीज देऊ नये, त्यांचा परवाना घाऊक पुरवठ्याचाच आहे, असं म्हणत रिलायन्स राज्य वीज नियामक आयोगापुढे उभी राहिली. आयोग, अपिलीय न्यायाधिकरण, सर्वोच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत प्रकरण 8 जुलै 2008ला संपलं. सर्वोच्च न्यायालयानं चारही परवाने वाचले आणि सांगितलं, की टाटांना आपल्या हद्दीतल्या कुठल्याही ग्राहकाला, लहानसहान असला तरी, वीज देता येते. वीजबाजार खुला करणारा 2003चा कायदा तोवर आलेला होता, तरी निकालाचा कणा होते ते 1907पासूनचे कागद.

हक्क मिळाला, पण तारा कुठे होत्या? उपनगरांतल्या गल्लीबोळांत केबल टाकली होती ती रिलायन्सच्या पूर्वसुरींनी. दुसऱ्यांदा सगळे रस्ते खणून शेजारी दुसरी केबल टाकायची, तर तो खर्च शेवटी ग्राहकाच्याच माथी. यावर 15 ऑक्टोबर 2009 रोजी आयोगानं अंतरिम आदेशानं तोड काढली: ग्राहकानं टाटांकडे जावं, वीज मात्र रिलायन्सच्या तारांवरून यावी. याला मुंबईत चेंजओव्हर म्हणतात. तारही बदलून टाटांची घेतली तर तो स्विचओव्हर. उपनगरांतल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये हे दोन शब्द त्या काळात रोजचे झाले. त्याच उन्हाळ्यात रिलायन्सच्या दरवाढीवरून शहरात मोठा असंतोष उसळला होता आणि आयोगाला ती दरवाढ थोपवावी लागली होती. टाटांची वीज तेव्हा स्वस्त होती, कारण त्यांची जुनी धरणं आणि वीजघरं केव्हाच फिटलेली होती, तर रिलायन्सला बरीचशी वीज महागात विकत घ्यावी लागत होती.

चेंजओव्हर झालेल्या घराचं बिल हाती घेतलं की सगळी रचना दिसते. वर नाव टाटांचं. आत वीज आकार टाटांचा. त्याच्या खाली वहन आकार, म्हणजे केबल वापरल्याचं भाडं, जे टाटा गोळा करणार आणि पोचवणार तारांच्या मालकाकडे. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरून वीज गेली, तर रस्ता खणायला येणारी माणसंही तारांच्या मालकाचीच. दोन कंपन्यांच्या वादात ग्राहकाला वेठीला धरता येणार नाही, एवढी काळजी आयोगाला नियम करून घ्यावी लागली. विकणारा बदलता येतो, वाहून आणणारा बदलत नाही. ब्रिटनमध्ये 1999पासून आणि टेक्सासमध्ये 2002पासून घरगुती ग्राहकाला जो पर्याय मिळाला, तोही याच पायावर. तिथे त्यासाठी कायदे करून तार आणि विक्री वेगळी केली. इथे दोन प्रतिस्पर्ध्यांतल्या एकाची तार दुसऱ्याला वापरू द्यावी लागली.

खरी कसोटी पुढे लागली, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. पहिल्या झपाट्यात कोण गेलं? ज्यांचं बिल मोठं होतं ते: दुकानं, कार्यालयं, वातानुकूलित फ्लॅट. आपल्याकडच्या वीजदरात मोठ्या ग्राहकानं थोडं जास्त द्यायचं आणि त्यातून लहानाचा दर खाली ठेवायचा, ही रीत आहे. मोठे निघून गेले, आणि चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या ग्राहकाचा भार उचलायला रिलायन्सकडे उरलेले कमी पडू लागले. म्हणून 2011 साली आयोगानं जाणाऱ्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला. जुन्या वर्षांत दर न वाढवल्यामुळे साठलेली येणी, ज्यांना रेग्युलेटरी ॲसेट म्हणतात, तीही त्यांच्या मागे लावली. ती वीज त्यांनी तेव्हा वापरली होती, तेव्हा हे न्याय्यच होतं. पुढे 2012 साली आयोगानं आणखी एक पाऊल टाकलं: काही काळ महिना 300 युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकालाच चेंजओव्हरची मुभा ठेवली. या आदेशावरून पुन्हा अपिलं झाली, वाद वर्षानुवर्षं चालले. तरी लहान माणसासाठी दार आधी उघडणारा तो निर्णय मला अजूनही धाडसाचा वाटतो.

बेस्टच्या हद्दीत वेगळा न्याय लागला. ती महापालिकेची, म्हणजे स्थानिक संस्था, तेव्हा तिच्या तारांवरून दुसऱ्याची वीज नेता येत नाही. टाटांनी स्वतःची केबल टाकली तरच तिथे पुरवठा. दादरला एक नियम, वांद्र्याला दुसरा. रिलायन्सचा उपनगरी व्यवसाय 2018 साली अदानींकडे गेला, तरी चेंजओव्हर चालूच राहिला, आणि दर वरखाली झाले तसे परत फिरणारेही निघाले.

आता दिल्ली. 1 जुलै 2002ला दिल्ली विद्युत बोर्ड मोडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वीज गळती आणि चोरीत जात होती. सरकारला पर्यायापेक्षा निगराणी हवी होती: हा भाग तुझा, गळती कमी कर. शहराचे तीन तुकडे करून 51 टक्के हिस्सा खासगी भागीदारांना दिला. दोन तुकडे बीएसईएसला, एक टाटांना. गळती खरोखर खाली आली, आज ती दहा टक्क्यांच्या आत आहे. ते यश मोठं आहे आणि त्याला कमी लेखू नये. पण त्या वेळी आखलेल्या सीमा तशाच राहिल्या. एका मेगावॉटहून मोठ्या ग्राहकाला खुला प्रवेश, म्हणजे हव्या त्या विक्रेत्याकडून वीज घ्यायची मुभा, मिळाला; 2022च्या हरित ऊर्जा नियमांनी ती मर्यादा 100 किलोवॉटवर आणली. तिथेही मॉल आणि कारखान्यांचीच सोय झाली. घरगुती ग्राहकाला पर्याय देऊ पाहणारी 2014 आणि 2022 सालची विधेयकं संसदेत आली आणि विरून गेली. 2022च्या सुमारास अदानींनी नोएडा-गाझियाबादसाठी समांतर परवाना मागितला, नवी मुंबई-ठाणे-भांडुपसाठीही मागितला, आणि महाराष्ट्रात 4 जानेवारी 2023ला महावितरणचे कर्मचारी संपावर गेले. त्यांचं म्हणणं मुंबईच्या 2011च्या आदेशातलंच होतं: चांगला ग्राहक खासगीकडे जाईल आणि शेतकरी, गरीब आमच्याकडे उरतील.

दिल्लीत हा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण इथली साठलेली येणी 27,000 कोटींच्या वर गेली आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी थकलेली येणी ठरलेल्या मुदतीत फेडायला सांगितलं. रोहिणी असो की मयूर विहार, बिलात 8 टक्के अधिभार त्यासाठीच लागतो, शिवाय जुन्या बोर्डाच्या निवृत्तांच्या पेन्शनचा वेगळा. उद्या खरंच पर्याय आला, तर कंपनी बदलून जाणाऱ्याच्या मागे हे पैसे जाणार, की मागे राहणाऱ्या दोन खोल्यांच्या घरावर पडणार? दिल्ली सरकारची 200 युनिटांपर्यंतची मोफत वीज नव्या कंपनीच्या ग्राहकालाही मिळणार का? ही उत्तरं परवाना निघायच्या आधी लिहून घ्यायला हवीत. मुंबईत ती नंतर लिहिली गेली, आणि मधल्या दोन वर्षांचं ओझं गेलेल्यांनी उचललं नाही, ते राहिलेल्यांच्या वाट्याला आलं.