ठाणे खाडी

ठाणे खाडी : साष्टी बेटाला कोकणच्या मुख्य भूमीपासून वेगळे करणारा अरबी समुद्राचा फाटा. लांबी सुमारे २६ किमी. पश्चिम काठावर मुलुंड, भांडुप, विक्रोळी, ट्रॉम्बे. पूर्व काठावर ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर. दक्षिणेला घारापुरीकडे ती रुंदावते. उत्तरेला ठाण्याजवळ एका चिंचोळ्या पात्राने उल्हास नदीला जोडलेली आहे. पारसिकच्या डोंगरातले ओढे पावसाळ्यात गोडे पाणी आणतात. एरवी खाडी जगते ती भरती-ओहोटीवर, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिची पुढची कोणतीही गोष्ट उलगडत नाही.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गाळात तिवरांचे राज्य आहे. खारे, दूषित पाणी सोसणारे हे झाड चिखलातून वर काढलेल्या मुळ्यांनी श्वास घेते. निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी, जिताडा यांवर दिवा, सारसोळे, करावे इथल्या कोळी-आगरी घरांच्या पिढ्या जगल्या. बांध घालून खारे पाणी अडवायचे आणि आत भात पिकवायचा, ही आगऱ्यांची खारजमिनीची विद्या. मीठ पिकवायला मात्र तेच पाणी बेताने आत घ्यायचे.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. १ मे १८५४ रोजी खाडी ओलांडून रेल्वे कल्याणला पोहोचली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन ठरली. पुढे १९७३ मध्ये वाशीचा रस्तापूल, १९९२ मध्ये रेल्वेपूल, १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू. पुलांची नोंद सगळे ठेवतात. शहराच्या पायाखाली गेलेल्या शेतांची आणि मिठागरांची आठवण गावांच्या नावांपुरती उरली.

खाडीची आजची कीर्ती रोहित पक्ष्यांमुळे आहे. १९९० च्या दशकापासून ते हजारोंनी येऊ लागले. त्यांत छोटा रोहित अधिक. प्रजनन मुख्यतः कच्छच्या रणात. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर माजणारे शेवाळ त्याचे अन्न, म्हणजे शहराची घाणच त्याला इथे घेऊन आली असे अभ्यासकांना वाटते. पण याच गाळात चोच खुपसणारा चिमणीहून थोडा मोठा कर्ल्यू सँडपायपर जास्त लक्ष देण्याजोगा आहे. तो घरटे करतो उत्तर सायबेरियात, येनिसेई नदीच्या मुखाकडील आणि तैमिरच्या टुंड्रात. तिथला उन्हाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. वर्षाचा उरलेला काळ त्याला असा उबदार गाळ लागतो. येनिसेईचे मुख आणि वाशीचा किनारा अशा रीतीने एकाच पाखराच्या संसाराची दोन टोके आहेत.

२०१५ मध्ये पश्चिम काठालगतचे १६.९ चौ. किमी क्षेत्र रोहित अभयारण्य झाले. त्यात सुमारे ९ चौ. किमी कांदळवन, बाकी पाणी. २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनतोडीवर बंदी घातली.

पूर्व काठाला अभयारण्याचे छत्र नाही. भरतीला रोहित विसाव्यासाठी नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींत येतात. अशा पाणथळीची खाडीशी जोडलेली नाली बुजली की पाणी खेळत नाही, शेवाळाचा थर साचतो आणि पक्षी उतरत नाहीत.