हळदीचा डाग आणि काळा धागा

हट्ट्यात हळद शिजवायचे दिवस आले की घरातला एक कपडा धड राहत नाही. डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि नवख्या माणसाला वाटतं, कपडा गेला. आई मात्र तो तसाच धुऊन तारेवर टाकायची. "ऊन खातंय बघ त्याला," म्हणायची. पुढे एम.एस्सी. करताना कळलं, की हळदीतलं कर्क्युमिन उजेडात आपलं आपण तुटतं, त्याला कुणाची मदत लागत नाही. ही गोष्ट मी विसरलो आणि ते महागात पडलं. त्याकडे येतो.

मदत घेऊन रंग तोडण्याची गोष्ट रंगाच्याच धंद्यात सुरू होते. टिटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा रंग शिशाच्या सफेद्याहून बरा, कारण तो विषारी नव्हता. पण बाहेरच्या भिंतीवर उन्हात त्याची भुकटी सुटायची, हाताला चुन्यासारखी लागायची. १९३८ साली गुडीव्ह आणि किचनर या रसायनज्ञांनी दाखवलं, की अतिनील प्रकाशात हे ऑक्साइड शेजारचं रंगद्रव्य फिकं करतं आणि स्वतः मात्र तसंच राहतं. रंगवाल्यांच्या लेखी हा दोषच. त्यांनी कणांना सिलिका, अ‍ॅल्युमिनाचं कवच चढवून तो झाकला.

टोकियोत अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी त्याच दोषाचा गुण केला. टिटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड पाण्यात ठेवून त्यावर प्रकाश टाकला आणि पाणी फुटलं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन. शोधनिबंध आला १९७२ साली, आणि पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले, म्हणून जगाने तो वाचला. १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी याच मार्गाने पाण्यातलं सायनाइड नष्ट करून दाखवलं. मग इंधनापेक्षा सांडपाण्याकडे लक्ष वळलं. आमच्या मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही, पण या ऑक्साइडला लागणारा अतिनील भाग उन्हात जेमतेम चार-पाच टक्के! म्हणून त्याच्या जोडीला लोखंडाचं ऑक्साइड घालून पाहतात.

दुसरी अडचण अगदी घरगुती. भुकटी पाण्यात टाकली तर काढायची कशी? नॅनोकण फडक्यातून गाळून निघत नाहीत. ते कशावर तरी बसवायला हवेत. त्यासाठी कार्बनचा धागा: एडिसनच्या दिव्यात १८७९ साली जळालेल्या सुताचा होता, नंतर बांबूचा, आजचा मजबूत धागा रॉजर बेकन (१९५८) आणि अकिओ शिंदो (१९६१) यांच्या कामातून आला. धागा गुळगुळीत असतो, त्यावर काही चिकटत नाही. आधी नायट्रिक आम्लात ठेवून खडबडीत करायचा, मग द्रावणात बुडवायचा, मग तापवायचा. हवेत जास्त तापवला तर धागाच जळतो, म्हणून नायट्रोजनमध्ये.

असा थर द्यायला लाखोंची यंत्रं लागतात, हा समज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांच्यासारख्यांनी खोटा ठरवला. बीकर, द्रावण, गरम पाणी, बस्स. त्यांच्याबरोबर या पद्धतीचा आढावा लिहिणारे आर. एस. माने पुढे नांदेडच्या विद्यापीठात आले, म्हणजे आमच्या अंगणातच.

मीही एका प्रयोगशाळेत असे धागे बुडवले. आधी सच्छिद्र, सक्रिय केलेले धागे घेऊन. मिथिलीन ब्ल्यूचं निळं पाणी दोन तासांत पांढरं झालं. मी घरी फोनही केला. सरांनी एकच विचारलं, "अंधारात ठेवून पाहिलंत?" नव्हतं पाहिलं. पेटीत ठेवलं, तर निळा रंग तितकाच गेला. धाग्याने तो फक्त पिऊन टाकला होता, मोडला नव्हता. मिथिलीन ब्ल्यू तर हळदीसारखा उजेडात स्वतःहूनही फिका होतो. विहिरीतल्या फवारणीच्या औषधावर हाच धागा वापरला असता, तर विष पाण्यातून धाग्यात गेलं असतं, इतकंच. सहा महिन्यांच्या वहीतले आलेख मी खोडले.

नंतर धागा आधी रात्रभर अंधारात तृप्त होईपर्यंत भिजवला आणि मगच उन्हात काढला. शेजारी नुसत्या निळ्या पाण्याचं भांडं ठेवलं. रेघ उतरली, पण हळूहळू. सुट्टीत आईने विचारलं, "मग, ऊन खातंय का नाही?"

"खातंय," म्हणालो, "थोडं थोडं."