चिठ्ठीची लोकशाही

लोकशाही म्हटले की आपल्याला मतपेटी आठवते. अथेन्सच्या नागरिकांना मात्र निवडणुकीचा जरा संशयच येई. तीत नामवंत आणि पैसेवालेच पुढे जाणार! म्हणून इ.स.पू. पाचव्या शतकात तिथली बहुतेक पदे चिठ्ठ्या टाकून भरली जाऊ लागली. ५०० जणांचे मंडळही असेच भरे, दहा गणांतून प्रत्येकी ५०. सेनापती तेवढे मतांनी निवडत. लढाई नशिबावर कोण सोडणार?

न्यायालयातल्या पंचांसाठी तर पुढे यंत्रच आले. अगोरातल्या उत्खननात त्याचा दगड सापडला आहे. उभ्या दगडात खाचांच्या रांगा, खाचांत इच्छुकांच्या नावांच्या पट्ट्या. बाजूच्या नळीत काळे-पांढरे ठोकळे मिसळून ओतत. एकेक ठोकळा खाली येई. पांढरा आला की ती आडवी रांग पंच, काळा आला की अख्खी रांग घरी. वशिल्याला वाव नाही.

पण पट्टी कोणाला मिळे, हे आपण विचारायलाच हवे. गुलामांना नाही. बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक कर भरत, लढाईवरही जात, त्यांनाही नाही. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसच्या कायद्याने नागरिकत्वासाठी आई-वडील दोघेही अथेन्सचेच हवेत, अशी अट घातली. म्हणजे मुलाची पट्टी आता आईच्या कुळावरही ठरू लागली. आईच्या नावाची पट्टी मात्र नव्हतीच.