ससून डॉक : वारसा आणि आधुनिकीकरण

मुंबईत कुलाबा येथील ससून डॉक १८७५ मध्ये सुरू झाला. आज तो शहरातील प्रमुख मासळी बंदरांपैकी एक आहे.

निधी : जुन्या मासेमारी बंदरांच्या आधुनिकीकरणासाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून (२०२०) अर्थसाहाय्य मिळू शकते.

परवानगी : निधी मंजूर झाला म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली, असे नाही. बृहन्मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. यादीतील वास्तूत बदल करण्यापूर्वी तिची श्रेणी तपासावी लागते.

लक्षात ठेवा : डॉकचा वारसा केवळ दगडी बांधकामात नाही. पहाटेचा लिलाव, कोळंबी सोलणाऱ्या महिला आणि बर्फ वाहणारे कामगार याच धक्क्यावर अवलंबून आहेत. काम सुरू असताना त्यांनी कुठे बसावे, हे आराखड्यातच नमूद असावे.